मूठमातीचा हक्क

दोस्त मेला तर किती दिवस रडायचे, कोणी रडायचे, कुठे बसून रडायचे आणि त्याच्या कोणत्या वस्तू घरात ठेवायच्या, याचे नियम आता आपल्या गावागावांत तयार झाले आहेत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हे नियम निदान मावळात तरी कोणाला ठाऊक नव्हते. आता ते शाळकरी पोरालाही पाठ आहेत. तीन दिवस दुःख करा, चौथ्या दिवशी कामाला लागा. भिंतीवर फोटो नको. चाळिसावा नको. बायका कबरस्तानात नकोत. गैरमुस्लिम दोस्त आला तर फाटकाबाहेर उभा राहू दे, आत कशाला? आणि या नियमांच्या पलीकडच्या बाजूला दुसऱ्या लोकांचे दुसरे नियम आहेत: तुमची कबर इथे नको, तुमचा उरूस या गडावर नको, तुमचे चारजण एकत्र जमले की आम्हाला संशय येतो. या दोन नियमावल्यांच्या मध्ये एक साधा माणूस उभा आहे. त्याचा दोस्त गेला आहे. त्याने काय करावे?

आम्ही मावळातले. लोणावळा, कार्ले, कामशेत, वडगाव, तळेगाव या रेल्वेच्या रेषेवर आमची वस्ती. आमच्या लहानपणी मुसलमानाच्या घरी मय्यत झाली की त्या घरी चूल पेटत नसे. पिठले-भाकरीची पाटी शेजारच्या मराठ्याच्या, माळ्याच्या घरून येई. जनाज्याला खांदा द्यायला गाव येई. कबरस्तानात गावकरी चपला काढून आत येत आणि तीन मुठी माती टाकत. आपल्या दखनीत त्याला ‘मट्टी देना’ म्हणतात, मराठीत मूठमाती. शब्द दोन, कृती एकच. पाटलाने पहिली मूठ टाकली म्हणून मेलेल्याची आखिरत बिघडली, असे कोणी म्हटल्याचे आम्हाला आठवत नाही. तिसऱ्या दिवशी जियारत, चाळिसाव्या दिवशी फातिहा, आणि जेवणानंतर ओसरीवर जो बसे तो मेलेल्याची एखादी गोष्ट सांगूनच उठे. गोष्ट चांगलीच असली पाहिजे असेही नव्हते. उधारी बुडवणाऱ्याची उधारीच सांगितली जाई, आणि मग तीच उधारी माफ केली जाई.

हे सगळे एका शब्दाने मोडीत निघाले: बिदअत. धर्मात नसलेली, मागाहून घुसडलेली गोष्ट. हा शब्द वापरणाऱ्यांची बाजू आम्ही आधी नीट मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. छाती बडवून, केस ओढून केलेला आक्रोश इस्लामला मंजूर नाही, हे खरे. तीन दिवसांची मर्यादा हदीसमध्ये आहे, विधवेसाठी चार महिने दहा दिवसांची इद्दत आहे, हेही खरे. आणि चाळिसाव्याच्या नावाखाली गरिबाने कर्ज काढून देगा चढवाव्यात, गावाने जेवून हात पुसावेत आणि मागे राहिलेल्या बाईने पुढची दोन वर्षे सावकाराला हप्ते द्यावेत, ही रीत मोडली ते उत्तमच झाले. त्याबद्दल आम्ही या सुधारकांचे आभार मानतो. पण त्यांनी देग उतरवली आणि तिच्याबरोबर ओसरीही पाडली. जेवणाचा खर्च बंद करायचा होता, आठवणींचा कशाला? आठवणीला तर पैसा लागत नाही.

आता ते ज्यांचे नाव घेऊन आम्हाला गप्प करतात, त्यांच्याकडेच जाऊ. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या आयुष्यातले एक वर्ष मुसलमानांच्या इतिहासात ‘दुःखाचे वर्ष’ म्हणूनच ओळखले जाते, कारण त्या वर्षी हजरत खदीजा (र.) आणि चुलते अबू तालिब गेले. वर्ष, वाचकहो, तीन दिवस नव्हे. पुढे कितीतरी वर्षांनी घरात बकरा कापला की ते त्यातला वाटा खदीजांच्या मैत्रिणींना पाठवत. गेलेल्या माणसाच्या दोस्तांची आठवण ठेवणे याहून वेगळे काय असते? बद्रच्या लढाईनंतर कैद्यांची सुटका करायची होती. कन्या झैनब यांनी आपल्या पतीच्या सुटकेसाठी एक हार पाठवला. तो खदीजांचा हार होता, लग्नात मुलीला दिलेला. तो पाहून पैगंबरांचे मन भरून आले आणि त्यांनी सोबत्यांना विचारले की तुमची हरकत नसेल तर कैदीही सोडा आणि हारही परत पाठवा. एका हाराने लढाईचा हिशेब बदलला. वस्तूत माणूस शिल्लक राहत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा.

सोबती उस्मान बिन मझऊन वारले तेव्हा पैगंबर रडले. दफन झाल्यावर एक दगड त्यांनी स्वतः उचलून कबरीच्या उशाला ठेवला, आपल्या भावाची कबर ओळखता यावी म्हणून. हा दगड म्हणजे काय? आम्ही त्याला खूण म्हणतो. लहानगा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतले पाणी पाहून लोकांना नवल वाटले, तर त्यांनी ते पाणी म्हणजे अल्लाहने ठेवलेली दया आहे असे सांगितले. आणि एका यहुद्याचा जनाजा समोरून गेला तेव्हा ते उठून उभे राहिले. हा तर यहुदी, असे कोणी म्हणाले, तर त्यांनी उलट विचारले की तो जीव नव्हता का? हे सगळे हदीसच्या ग्रंथांत आहे. आमच्या पदरचे काही नाही. फाटकाबाहेर उभ्या केलेल्या वारकऱ्याबद्दलचा नियम कोणत्या ग्रंथात आहे तेवढे आम्हाला दाखवावे.

वारकऱ्याचा उल्लेख उगीच केलेला नाही. आमचा एक दोस्त गेला. नाव लिहीत नाही, घरच्यांना ते नको आहे. रेल्वेत फिटर होता. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा द्यायला जी इंजिने लागतात, ज्यांना आम्ही बँकर म्हणतो, त्यांच्यासोबत त्याची उमर गेली. नोकरी संपल्यावर लोणावळ्यातच राहिला. मराठीत लिहीत असे: ओव्या, सवाल-जबाब, घाटातल्या गमती, रेल्वेच्या माणसांची शब्दचित्रे. शाळेच्या दोनशे पानी वह्यांत लिहायचा आणि प्रत्येक वहीवर तारीख आणि त्या दिवशीचा पाऊस टिपायचा. अशा तेरा वह्या आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. छापून एक ओळही आली नाही. छापायला द्या म्हटले की म्हणायचा, “अजून माल ओला आहे.”

त्याच्या जनाज्याला कामशेतहून त्याचा भजनी दोस्त आला होता. पंचेचाळीस वर्षांची दोस्ती. गुडघे गेलेले, काठी टेकत आला. फाटकाशी एका तरुणाने त्याला अदबीने थांबवले. अदबीने, हे मुद्दाम सांगतो, कारण अलीकडे सगळे अपमान अदबीनेच होतात. “बाबा, आप यहीं रुको, अंदर कीचड़ है.” आत चिखल होता, हे खोटे नव्हते. लोणावळ्यात जुलैत कुठे चिखल नसतो? म्हातारा थांबला. आम्ही आत होतो, आम्हाला उशिरा कळले. बाहेर आलो तेव्हा त्याच्या मुठीत माती होती. फाटकाबाहेरचीच लाल माती. ती कुठे टाकावी हे त्याला समजत नव्हते.

तरीही दोस्तांनी ठरवले की चाळिसाव्या दिवशी बसायचे. जेवण नाही, देग नाही, फक्त चहा. प्रत्येकाने त्याची एक वस्तू आणायची आणि तिची गोष्ट सांगायची. यासाठी एक सभागृह मागितले. आधी हो म्हणाले, मग ‘वातावरण बरोबर नाही’ म्हणून नाही म्हणाले. तिकडे आपल्यातल्या काहींनी निरोप धाडला की चाचा, हे दीनमध्ये नाही, हे गैरांचे श्राद्ध झाले. म्हणजे एका बाजूला आम्ही जास्त मुसलमान म्हणून नको, दुसऱ्या बाजूला पुरेसे मुसलमान नाही म्हणून नको. शेवटी एका चिक्कीवाल्याच्या गोदामात बसलो, गुळाच्या वासात. कार्ल्याचे बौद्ध गुरुजी एक पोस्टकार्ड घेऊन आले; त्यावर फक्त पावसाचा आकडा आणि ‘या’ एवढेच लिहिले होते. कामशेतच्या बुवांनी टाळ आणले. टाळांची दोरी आमच्या दोस्ताने वळून दिली होती, रेल्वेच्या कसल्याशा मजबूत सुताची, तीस वर्षांत तुटली नाही. कोणी त्याची दुरुस्त केलेली छत्री आणली, कोणी रात्रपाळीचा टॉर्च. भाभी आल्या नाहीत, त्यांची इद्दत चालू होती. पण त्यांनी चष्म्याचे घर पाठवले आणि सोबत निरोप: बघून झाले की परत करा, त्याचा वास अजून आहे.

यातले श्राद्ध कोणते आणि शिर्क कोणता, ते ज्याला दिसेल त्याने सांगावे. आम्हाला दिसले ते एवढेच की दोस्ताचे दुःख कुटुंबाच्या दुःखाहून वेगळे असते आणि त्याला आपल्या समाजात जागाच ठेवलेली नाही. बायकोला इद्दत आहे, मुलाला वारसा आहे, भावाला खांदा आहे. दोस्ताला काय आहे? तो ना वारस, ना महरम. त्याच्या हाती फक्त मूठभर माती आणि एखादी वस्तू. ती मूठही नाकारायची आणि ती वस्तूही ‘बुतपरस्ती’ ठरवायची, मग त्याने जावे कुठे?

मावळात तरी या प्रश्नाचे उत्तर फार जुने आहे. मळवली स्टेशनला उतरून भाज्याच्या लेण्यांकडे जा. इसवी सनापूर्वीची लेणी. चैत्यगृह पाहून लोक परततात, पण त्याच्या थोडे पुढे चौदा स्तूप आहेत, पाच आत आणि नऊ बाहेर, एकमेकांना खेटून. ते बुद्धाचे नाहीत. तिथे राहून गेलेल्या भिक्खूंचे ते स्मारक आहेत आणि काहींवर त्यांची नावेही कोरलेली आहेत. भिक्खूला मुलगा नसतो, नातू नसतो. त्याचे स्तूप कोणी उभारले असतील? सोबत्यांनी. बावीसशे वर्षांपूर्वी या डोंगरात दोस्तांनी दोस्तांसाठी दगड कोरला, आणि मदिनेत उशाशी ठेवलेल्या त्या एका दगडाहून तो वेगळ्या जातीचा आहे असे आम्हाला वाटत नाही.

तळेगावहून चाकणच्या बाजूला निघालात की सुदुंबरे लागते, सुधा नदीच्या काठी. मावळ तालुक्यातले गाव. तिथे संताजी जगनाडे यांची समाधी आहे. जातीने तेली, तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक. घाण्यावरच्या या माणसाने तुकोबांचे अभंग स्वतःच्या हाताने वह्यांत उतरवून ठेवले. वह्या इंद्रायणीत बुडवल्याची गोष्ट महाराष्ट्र भक्तीने सांगतो, आणि पाण्याने त्या कोरड्या परत दिल्याची आख्यायिकाही सांगतो. आख्यायिकेवर ज्याची त्याची श्रद्धा. पण संताजींच्या घराण्यात वह्या राहिल्या, हे श्रद्धेचे काम नाही, कागदाचे आहे. त्याच वह्यांवरून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. ल. भावे यांनी तुकोबांचा ‘अस्सल गाथा’ छापला. दोस्ताने लिहून ठेवले म्हणून शब्द राहिले. टाळकरी असणे म्हणजे नुसते मागे उभे राहून टाळ वाजवणे नव्हे.

सुदुंबऱ्याची दुसरी गोष्ट तर आपल्यासाठीच आहे असे वाटते. तुकोबा आणि संताजी यांनी एकमेकांना वचन दिले होते की जो आधी जाईल त्याला दुसऱ्याने मूठमाती द्यायची. तुकोबा आधी गेले. पुढे संताजी गेले, लोकांनी त्यांना मातीत ठेवले, माती टाकली, पण चेहरा काही केल्या झाकेना. तेव्हा तुकोबा आले आणि त्यांनी तीन मुठी माती दिली, मग चेहरा झाकला गेला, अशी ती कथा. आम्ही तिला इतिहास म्हणत नाही, म्हणायची गरजही नाही. ज्या लोकांनी ही कथा रचली त्यांना काय माहीत होते ते पाहा. त्यांना माहीत होते की कितीही नातलग जमले, कितीही माती ओतली, तरी दोस्ताची मूठ पडल्याशिवाय दफन पुरे होत नाही. आणि तीनच मुठी. आपल्याकडेही तीनच. हा आकडा मावळच्या तेल्याने आपल्याकडून घेतला की आपण त्याच्याकडून, याचा शोध ज्याला घ्यायचा त्याने घ्यावा. आमच्या मते मातीलाच तो आकडा ठाऊक असावा.

तुकोबा गेल्यावर त्यांचा धाकटा भाऊ कान्होबा याने जे अभंग केले ते शोकाचेही आहेत आणि भांडणाचेही. तो सरळ विठ्ठलाला जाब विचारतो. कोणी त्याला पाखंडी म्हटले नाही; गाथ्यात त्याचे अभंग मानाने छापले जातात. दुःखी माणसाला देवाशी भांडू देणारी ही परंपरा इंद्रायणीच्या काठची, आणि इंद्रायणी उगम पावते आमच्या लोणावळ्याजवळ, कुरवंड्याच्या बाजूला. ती खाली देहूला जाते. तिथे अनगडशहा बाबांचा दर्गा आहे, तुकोबांच्या काळातल्या फकिराचा. दरवर्षी ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूतून निघते तेव्हा पहिला विसावा या दर्ग्यापाशी होतो, तिथे अभंग आरती होते आणि मग पालखी पंढरीची वाट धरते. लाखभर वारकऱ्यांना एका फकिराच्या कबरीपुढे थांबायला अडचण वाटत नाही. मग कामशेतच्या एका वारकऱ्याला आमच्या दोस्ताच्या कबरीपर्यंत यायला चिखल कुठून आडवा आला?

‘वली’ या शब्दाचा अर्थ दोस्त. अल्लाहचा दोस्त. उरूस म्हणजे त्या दोस्ताच्या वफातीच्या दिवशी जमणे. मृत्यूच्या दिवसाला लग्नाचे नाव देणारी ही रीत ज्या सूफींनी आणली त्यांनी दख्खनमध्ये तलवारीहून जास्त काम केले, हे आम्ही नव्याने सांगायला नको. लोहगडावर हाजी उमरशहा वली बाबांचा दर्गा आहे. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या उरुसाच्या वेळी जमावबंदी लागली. गड हा शिवरायांचा, तो अवघ्या महाराष्ट्राचा, आणि जुलै २०२५ मध्ये तो मराठ्यांच्या बारा किल्ल्यांसह जागतिक वारशाच्या यादीत गेला, याचा आनंद आम्हाला इतरांहून तसूभर कमी नाही. पुरातत्त्व खात्याचे नियम सर्वांना सारखे लागू व्हावेत, गडावर मंडप, कचरा, चुली नकोत, हेही आम्हाला मान्य. पण नियमाची भाषा बोलता बोलता जेव्हा ‘यांना इथून काढा’ अशी भाषा सुरू होते, तेव्हा प्रश्न दगडांचा राहत नाही. त्याच डोंगराच्या पायथ्याला भाज्याचे स्तूप आहेत. एका डोंगरावर बौद्धांची, मराठ्यांची आणि फकिरांची आठवण एकावर एक बसलेली असेल तर त्यातला एक थर खरवडून डोंगर शुद्ध होत नाही, फक्त उघडा पडतो.

आणि गंमत अशी की त्या उरुसावर बंदी यावी असे वाटणारे लोक आपल्यातही आहेत. कबरीवर जमणे हराम, असे म्हणणाऱ्यांना आणि गडावर मुसलमान नको, असे म्हणणाऱ्यांना त्या दिवशी एकाच निकालाने समाधान झाले असेल. ही युती कोणी जाहीर केलेली नाही, करणारही नाही. पण गरीब माणसाच्या आठवणीचे दोन्हीकडून जे व्हायचे ते होते.

मग आपण दुःख करतो कसे? तेही पाहू. ३० जून २०२४ चा रविवार. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याहून आलेले एक मुस्लिम कुटुंब अडकले. पाणी वाढत गेले. मधल्या खडकावर माणसे एकमेकांना धरून उभी होती, आणि मग नव्हती. पाचजण गेले; त्यांतली चार मुले. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्रचे कार्यकर्ते, पोलीस, नौदलाचे पाणबुडे यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्यात शोध घेतला. दोर बांधून त्या पाण्यात उतरणाऱ्या पोरांनी कोणाचे नाव-गाव विचारले नाही. ही झाली एक बाजू. दुसऱ्या बाजूला त्या शेवटच्या क्षणांची चित्रफीत तासाभरात देशभर फिरली. आपण सर्वांनी ती पाहिली. पुढे पाठवली. वर ‘इन्ना लिल्लाहि’ लिहिले आणि खाली आणखी दहाजणांना धाडली. मग चहाच्या टपऱ्यांवर निकाल लागू लागले: पावसात तिकडे गेलेच कशाला, बायका-पोरांना पाण्यात नेतातच कशाला. जे आपल्यावर जळतात ते बोलले त्याचे आम्हाला नवल नाही. आपलेही बोलले.

त्या चार मुलांच्या दप्तरांत काय होते? त्यांचे शाळेतले दोस्त कोण? त्यांच्या रिकाम्या बाकावर सोमवारी कोण बसले? हे कोणी विचारले नाही, कारण विचारण्यासारखे काही आपल्यापर्यंत आलेच नाही. आली ती फक्त त्यांच्या मरणाची फीत. मेलेल्याचा फोटो भिंतीवर नको म्हणणारा समाज मरणाऱ्याची चित्रफीत मात्र खिशात घेऊन फिरला. फोटो हराम आणि ही फीत हलाल, हा निवाडा कोणत्या फिकहमध्ये बसतो? आठवण म्हणजे माणूस जिवंत असतानाचा. ही फीत म्हणजे त्याचे फक्त मरण. ज्या घरातले पाचजण गेले त्या घराला ती फीत पुन्हा पुन्हा पाहावी लागली असेल, कारण ती आपण कुठे थांबूच दिली नाही. त्यानंतर प्रशासनाने मावळात-मुळशीत बंदीचे हुकूम काढले, वेळेची मर्यादा घातली, आणि पुढच्या पावसाळ्यात, १५ जून २०२५ रोजी, कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना पूल पडून चारजण गेले. पुन्हा फिती. पुन्हा निकाल.

करोनाच्या काळाने तरी काही शिकवायला हवे होते. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने करोनाने गेलेल्या सर्वांचे दहनच करायचे असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी मागे घेतले. पुढे दफनाविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने मे महिन्यात फेटाळली आणि सन्मानाने दफन होणे हा माणसाचा हक्क असल्याचे मान्य केले. दफनाचा हक्क टिकला. पण त्या दोन वर्षांत किती दोस्तांना मूठ टाकता आली? प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह, अंगभर झाकलेले चारजण, आणि फाटकाबाहेर बाकी सगळे. तेव्हा फाटकाबाहेर उभे राहणे काय असते ते आपण सर्वांनी भोगले. रोग गेल्यावरही आपण फाटक लावूनच ठेवले.

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत मोठा मुद्दा: आपण लिहिणारे लोक. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ साठे गेले. त्यानंतर मोजून बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, शाहीर अमर शेख अपघातात गेले. गव्हाणकरांसह या दोघांनी लाल बावटा कलापथक उभे केले होते, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात यांच्या आवाजाने मैदाने भरली होती. एक मातंग, एक मुसलमान. अण्णाभाऊंचा चाळिसावा उलटून दोन दिवस झाले होते आणि दुसराही गेला. अमर शेखांवर त्यांची मुलगी मलिका यांनी लिहिले म्हणून घरातला माणूसही आपल्याला थोडा दिसला. मुलगी लेखिका नसती तर? १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. ते उभे करण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते प्रा. फक्रुद्दीन बेन्नूर ऑगस्ट २०१८ मध्ये गेले. तेव्हा आपण शोकसभा घेतल्या, भाषणे केली, हार घातले. त्यांची पत्रे, टिपणे, लोकांनी त्यांना लिहिलेली पत्रे आपापल्या घरातून काढून एका जागी आणण्याचे काम किती जणांनी केले? शोकसभेत सगळे ‘पोकळी’ म्हणतात. त्या पोकळीत एक कपाटही कोणी ठेवत नाही.

या वार्षिकांतून आपण वर्षानुवर्षे लिहीत आलो की आमची भाषा मराठी, आम्ही या मातीचे. सभेत हे वाक्य टाळ्या घेते. पण मराठीत लिहिलेल्या मुसलमानाच्या वह्यांचे घरात काय होते? पोरे उर्दू किंवा इंग्रजी शाळेत शिकलेली. बापाची मराठी अक्षरे त्यांना वाचता येत नाहीत. कोणी सांगते, शायरी-बियरी घरात ठेवू नये, मय्यतवर बोझ होतो. मग दिवाळीच्या किंवा रमजानच्या आधीच्या साफसफाईत त्या रद्दीवाल्याकडे जातात. यात ना पोराचा द्वेष आहे ना कोणाचे कारस्थान. फक्त कोणी दोस्त दारात आला नाही की बाबा, या मला दे. संताजी नव्हता, म्हणून वह्या गेल्या. तुकोबाच्या वेळी निदान वह्या बुडवणारे विरोधक होते. आपल्याला विरोधकही लागत नाही. किलोचा भाव पुरतो.

आमच्या दोस्ताच्या तेरा वह्यांचे असेच झाले. चाळिसाव्यानंतर दोन आठवड्यांनी आम्ही घरी गेलो तेव्हा पाच जाऊन चुकल्या होत्या. रद्दीवाल्याच्या दुकानात तीन मिळाल्या, दोन कामशेतच्या पुढे कुठे तरी भेळेच्या पुड्या झाल्या. मिळालेल्या अकरांपैकी चार ओलीने चिकटल्या आहेत. बुवा, गुरुजी आणि आम्ही मिळून त्या उतरवून काढतो आहोत. बुवांना मोडके-तोडके अक्षर बरोबर लागते, कारण पंचेचाळीस वर्षे त्यांनी त्याच्या चिठ्ठ्या वाचल्या आहेत. एका घरातल्या रद्दीपायी एवढा मजकूर कशाला, असे कोणी म्हणेल. हे एका घरातले नाही म्हणूनच.

वाचकहो, तुमच्या गावात मराठीत लिहिणारा कोणी मुसलमान गेल्या पाच-दहा वर्षांत वारला असेल: शाहीर, मास्तर, कलापथकातला, पत्रे लिहिणारा, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज सुविचार लिहिणाराही चालेल. त्याच्या घरी जा. ताजियतला उशीर झाला म्हणून कोणी हाकलत नाही. पत्र्याची पेटी कुठे आहे ते विचारा. ती पेटी पोटमाळ्यावर असेल तर आधी खाली उतरवा आणि कोरड्या जागी ठेवा, कारण आमच्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मेच्या अखेरीसच कागदाला बुरशी धरू लागते. वह्या उन्हात घालू नका, शाई उडते. सावलीत, वाऱ्यावर, पाने सुटी करून वाळवा. वाचता येत नसतील तर त्याच्या दोस्ताला बोलवा. तो दोस्त बहुधा दुसऱ्या आळीत राहत असेल, दुसऱ्या धर्माचाही असेल, आणि जनाज्याच्या दिवशी त्याला फाटकाबाहेर उभे केलेले असेल. त्याला आधी घरात घ्या.